नवार सैल झालीय, चादर ताणून काय होणार

मागच्या महिन्यात पापण्यांच्या ऑपरेशनवर उत्तर देताना मी जाताजाता फेसलिफ्टचं, म्हणजे लोंबलेले गाल-गळा वर उचलायच्या ऑपरेशनचं, नाव घेतलं आणि मग काय विचारता, फोनवर नुसता पाऊस. ८-९ प्रश्न निवडलेत. बहुतेकांनी नाव टाकू नका म्हणून सांगितलंय म्हणून फक्त गाव टाकतेय. आणि एक आधीच सांगून टाकते, मी लातूरला प्लास्टिक सर्जन आहे पण माझं रोजचं काम म्हणजे भाजलेले पेशंट, थ्रेशरमध्ये गेलेले हात, मोटारसायकलवरून तोंडावर पडलेली पोरं. फेसलिफ्ट वर्षाला बोटावर मोजण्याइतके. पण बाहेरच्या मोठ्या शहरात करून आलेल्या बायका टाके काढायला, ड्रेसिंगला माझ्याचकडे येतात, त्यामुळं फोटोत न दिसणारं बरंच बघायला मिळतं.

परभणी : मॅडम नमस्कार, मी शाळेत शिकवते, वय ५६. गॅदरिंगचे फोटो ग्रुपवर आले आणि मला मीच ओळखू येईना, गालफडं लोंबायलीत, हनुवटीच्या दोन्ही बाजूला पिशव्या, गळा तर कोंबड्यासारखा दिसायलाय. लेक पुण्याला नोकरीला आहे ती म्हणते आई फेसलिफ्ट कर, पैसे मी देते. पण नेमकं करतात काय, दुखतं किती, घरी किती दिवस बसायचं हे कुणी नीट सांगतच नाही. सगळे आधीचा फोटो आन नंतरचा फोटो दाखवतात, मधलं कुणीच दाखवत नाही.

ताई, "मधलं कुणीच दाखवत नाही" हे तुम्ही एकदम बरोब्बर धरलंत, तर मधलंच सांगते.

आधी करतात काय ते. तुमच्या माहेरी नवारीची खाट असेलच. नवार सैल झाली की मधी खड्डा पडतो, मग वरून चादर कितीही ताणून खोचा, सकाळी उठेपर्यंत खड्डा जागेवर. चेहऱ्याचं तसंच आहे, कातडी ही चादर आणि तिच्याखाली चरबीच्या आतल्या बाजूला स्नायूंना धरून एक पातळ चिवट पडदा असतो, त्याला आम्ही स्मास म्हणतो, ती नवार. १९७६ साली पॅरिसच्या मित्झ आणि पेरोनी या दोघांनी हा पडदा नीट वर्णन करून सांगितला, त्याच्या आधी बहुतेक डॉक्टर नुसती चादरच ताणायचे, म्हणून जुन्या काळच्या ऑपरेशनांत तोंड वाऱ्यात धरल्यासारखं ओढलेलं दिसायचं आणि वर्षा-दोन वर्षात परत खाली. आता चांगला सर्जन पडदा उचलून वर आणि मागं बांधतो, आणि कातडी फक्त उरली तेवढी कापून ताण न देता शिवतो. डीप प्लेन म्हणून ऐकलं असेल, त्यात त्या पडद्याच्याही खाली जाऊन पडदा आन कातडी एकत्रच उचलतात. कुठली पद्धत भारी यावर सर्जन लोक आपसात तासन्‌तास भांडू शकतात, तुम्ही त्यात पडू नका, ज्याचा हात ज्या पद्धतीवर बसलाय त्यानं ती करावी.

चिरा कुठं असतो तर कानशिलाच्या केसांपासून सुरू होऊन कानाच्या पुढून खाली, पाळीला वळसा, कानाच्या मागून वर आणि मग मागच्या केसांत. गळ्यासाठी कधीकधी हनुवटीखाली एक बारकासा. वेळ ३ ते ५ तास, पूर्ण भूल देऊन किंवा गुंगी देऊन जागा बधिर करून.

आता मधलं. पहिल्या रात्री डोक्याभोवती पट्टी, बऱ्याचदा कानामागून एक बारकी नळी काढलेली असते आतलं रक्तपाणी बाहेर यायला, ती एक-दोन दिवसात काढतात. दुखण्यापेक्षा आवळल्यासारखं जास्त होतं, कुणीतरी टाईट टोपी घातलीय आणि काढू देत नाहीये तसं. दोन उशा घेऊन उताणं झोपायचं, कुशीवर नाही, हे निदान दोन आठवडे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज कळसाला जाते आणि नेमकं त्याच दिवशी सगळे आरशात बघतात. बघू नका. पुढचे टाके ५ ते ७ दिवसात, मागचे ७ ते १० दिवसात निघतात. काळंनिळं आधी गालावर, मग वजनानं खाली उतरत गळ्यावर येतं, पिवळं होतं आणि साधारण दोन आठवड्यात जातं. आठव्या-दहाव्या दिवशी बाई रडते. हे मी गंमतीनं नाही लिहित, जवळजवळ प्रत्येकीला एक दिवस असा येतो की मी हे कशाला करून बसले, माझं तोंड माझं राहिलं नाही, घरातले म्हणतात बघ आम्ही सांगत होतो. सूज असते हो ती, उतरते. तीन आठवड्यांनी बाजारात गेलात तर कुणाला शंका येणार नाही, पण तुम्हाला स्वतःला चेहरा आपला वाटायला दोन-तीन महिने लागतात आणि चिऱ्याची लाली जाऊन ती रेघ फिकी व्हायला वर्ष धरा.

आणि बधिरपणा. याबद्दल आधी सांगितलं नाही तर बायका घाबरतात. गाल आणि कानाची पाळी कित्येक आठवडे, कधी काही महिने मेलेली वाटते, कानातलं घालताना आपण शेजारणीच्या कानात घालतोय असं वाटतं. हळूहळू येतं परत, येताना मुंग्या येतात.

धोके लपवणार नाही. सगळ्यात जास्त होणारा म्हणजे कातडीखाली रक्त साठणं, शंभरात दोन-चार जणांना होतं, बहुतेक वेळा पहिल्या २४ तासात. चेहरा हलवणारी नस दुखावली तर एक भुवई किंवा ओठाचा कोपरा काही आठवडे लुळा राहू शकतो, कायमचं राहण्याचं प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी, पण ज्याच्या वाट्याला येईल त्याला ते शंभर टक्केच. याशिवाय कानामागची कातडी काळी पडणं, टाक्यापाशी केस जाणं, व्रण जाड होणं. आपल्याकडच्या सावळ्या कातडीत व्रण फुगायची आणि काळं पडायची प्रवृत्ती जास्त असते, तेव्हा तुमचा लसीचा किंवा जुन्या ऑपरेशनचा व्रण फुगलेला असेल तर तो डॉक्टरला मुद्दाम दाखवा.

करून काय मिळेल, तर जबड्याची रेघ आणि गळा, यात खरा फरक दिसतो. डोळ्याखालच्या पिशव्या, कपाळाच्या आठ्या, ओठावरच्या बारीक रेघा, वांग, यातलं काहीही फेसलिफ्टनं जात नाही, त्याचे उपाय वेगळे. साधारण ७ ते १० वर्षं मागं गेल्यासारखं वाटतं आणि घड्याळ तिथून परत पुढं चालू. तुम्ही जे लिहिलंय, गालफडं, पिशव्या, गळा, ते नेमकं या ऑपरेशनचंच काम आहे, त्यामुळं तुम्ही योग्य पेशंट आहात असं मला वाटतं, बाकी बीपी शुगर बघून. उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट मात्र बघू नका, का ते खाली धाराशिवच्या ताईंना लिहिलंय.

नांदेड : मॅडम मी ३० वर्षापासून मिश्री लावते, सकाळी आणि दुपारी जेवल्यावर. हैदराबादला दाखवायला गेलो तर तिथल्या डॉक्टरांनी विचारलं स्मोकिंग करता का, मी नाही म्हणाले. पुढच्या महिन्याची तारीख दिलीय. हे खोटं बोलणं झालं का? सुनेसमोर कसं सांगायचं होतं?

नाही ताई, तुम्ही खरंच उत्तर दिलंत, प्रश्न चुकीचा होता. आमच्याकडं बाईला स्मोकिंग विचारून उपयोग नसतो, मिश्री विचारावी लागते, मशेरी विचारावी लागते, तंबाखूची चिमूट विचारावी लागते, आणि ती पण सुनेला बाहेर बसवून.

पण हे सांगितल्याशिवाय टेबलावर झोपू नका, हात जोडून सांगते. धूर असो नसो, निकोटीन तेच. ते बारक्या रक्तवाहिन्या आवळतं. फेसलिफ्टमध्ये गालाची कातडी बरीच लांबवर खालून मोकळी केलेली असते, तिचं जगणं कडेनं येणाऱ्या केसासारख्या वाहिन्यांवर. शेताला टोकापर्यंत पाणी पोचायचं आणि त्यात पाट अर्धा बुजवला तर सगळ्यात आधी टोकाचा वाफा वाळतो ना, तसं कानामागची कातडी काळी पडते, गळून जाते, आणि मग महिना-दीड महिना ड्रेसिंग. मी असं ड्रेसिंग केलंय, बाई रोज येऊन बसायची आणि शेवटच्या दिवशी कबूल झाली की ऑपरेशनच्या दिवशी सकाळी पण लावली होती कारण त्याशिवाय पोट साफ होत नाही.

ऑपरेशनच्या आधी ४ आठवडे आणि नंतर ४ आठवडे पूर्ण बंद. निकोटीनची गोळी किंवा च्युइंगमसुद्धा नाही, त्यातही तेच असतं. पोटासाठी रात्री इसबगोल घ्या, पहिले आठ दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, सुनेला काय सांगायचं ते सांगा. बंद होत नसेल तर तारीख पुढं ढकला, तारीख कुठं पळून जात नाही.

आणि गुटखा, सुपारी खाणाऱ्यांनी पण वाचा. तोंडात तीन बोटं उभी जात नसतील तर भूल देणाऱ्या डॉक्टरला नळी घालताना अवघड जातं, ते आधीच दाखवायचं.

उदगीर : आमच्या इथल्या पार्लरमध्ये बिना ऑपरेशन फेसलिफ्ट करून देतो म्हणालेत, दोरे टाकून, २५ हजारात. एकदा केलं की पाच वर्ष बघायचं नाही म्हणे. करू का?

नको.

दोरे टाकणं ही खरी गोष्ट आहे, विरघळणारे काटेरी दोरे असतात, कातडीखालून घालून गाल थोडा वर अडकवतात, पण त्याचा असर बहुतेकांना वर्षभराच्या आसपास टिकतो आणि जिथं कातडी फार सैल आहे तिथं दोरा म्हणजे ओल्या गोधडीला दोरीवर एकच चिमटा. अल्ट्रासाउंडच्या मशीनचं पण तसंच, सुरुवातीच्या सैलपणाला थोडाफार फरक. बोटॉक्सचं इंजेक्शन ३-४ महिने, ते आठ्यांना, लोंबलेल्या गालाला नाही. फिलर, म्हणजे खोलगट जागा भरायचं इंजेक्शन, सहा महिन्यापासून वर्ष-दीड वर्षापर्यंत. वाईट यातलं काहीच नाही, योग्य माणसाच्या हातात.

माझं भांडण पार्लरशी आहे. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेला तर तिथली कातडी मरते, डोळ्याच्या वाहिनीत गेला तर नजर जाते, आणि त्यावर जे औषध लगेच टोचावं लागतं ते पार्लरच्या फ्रीजमध्ये नसतं, कोल्ड क्रीम असतं. ऑपरेशनसाठी माणूस बघताना एमएस नंतर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीआरएनबी केलेला आहे का बघा. भिंतीवर दहा फ्रेम असतात, त्यात कॉस्मेटॉलॉजीचा सर्टिफिकेट कोर्स पण असतो, तो सर्जरीची डिग्री नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये नाव नोंदलेलं आहे का ते वेबसाइटवर कुणालाही बघता येतं, तुमच्या दहावीतल्या पोराला सांगा, दोन मिनिटात काढून देईल.

बीड : मी पुरुष माणूस, वय ६१, मोंढ्यात आडत आहे. हसू नका. गळा लोंबायलाय आणि लोक म्हणायलेत शेठ थकले, धंदा पोराकडं द्या. दोन वर्षाखाली स्टेंट टाकलीय, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत. होईल का?

हसण्यासारखं काय त्यात, येतात की पुरुष.

पण तुमच्या बाबतीत घाई अजिबात नाही. पुरुषांत रक्त साठण्याचं प्रमाण बायकांपेक्षा मुळातच जास्त, दाढीच्या कातडीत रक्तपुरवठा भरपूर असतो म्हणून, त्यात बीपी असेल आणि वर या गोळ्या. आणि या गोळ्या तुमच्या मनानं किंवा माझ्या म्हणण्यावरूनही बंद करायच्या नाहीत, स्टेंट बंद पडली तर गळ्याचं कोण बघतंय. ज्यांनी स्टेंट टाकली त्या हार्टच्या डॉक्टरांकडून लेखी घ्यायचं, थांबवता येतील का, किती दिवस. ते नाही म्हणाले तर विषय संपला, मफलर आहेच. हो म्हणाले तर सर्जनला सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवा, लसणाच्या कॅप्सूल, माशाच्या तेलाच्या गोळ्या, व्हिटॅमिन ई, गुडघ्यासाठी घेता त्या पेनकिलर सगळं, कारण यांनी पण रक्त वाहतं. तुम्ही म्हणाल त्या काय औषध आहेत का, तर तेच लोक सांगायचं विसरतात.

अजून एक बारकी गोष्ट, कातडी मागं सरकते तशी दाढी पण सरकते. कल्ल्यापुढची बिनकेसाची पट्टी अरुंद होते आणि काहींना कानाच्या मागं दाढी करावी लागते. आधी कळलेलं बरं.

धाराशिव : माझ्या मुलीचं लग्न मे महिन्यात आहे, बरोबर २५ दिवस राहिलेत. फेसलिफ्ट करून लग्नात उभी राहू शकते का?

उभ्या राहाल हो, पण व्हिडिओवाल्याला सांगावं लागेल की नवरीच्या आईला एकाच बाजूनं घे.

नाही ताई, लग्नाआधी कमीत कमी दोन, चांगले तीन महिने हातात पाहिजेत. हिशोब करा ना, २५ व्या दिवशी सूज पूर्ण उतरलेली नसते, केसांना कलर किंवा मेंदी महिना-दीड महिना लावायची नाही, म्हणजे लग्नात पांढऱ्या मुळांसकट. जड झुबे घालायचे नाहीत. हळदीला गालावर कुणी हळद फासली तर? ताज्या टाक्यावर हळद, तूप, कोरफड, आत्याबाईंचा लेप काही म्हणजे काही चालत नाही. आणि लग्नघरात वाकणं, उचलणं, ओरडणं, रडणं, यातलं पहिल्या दोन-तीन आठवड्यात काहीच नको, बीपी वाढतं.

आणि मे महिना! ४२-४३ डिग्रीत, लाइट गेलेली, पट्टीखाली घाम, आपल्याकडं कोण करून घेतं हो. ऊन लागलं की ताजा व्रण काळा पडतो, म्हणून सहा महिने ते वर्षभर त्याला उन्हापासून जपायचं असतं. आपल्या मुली-बायका स्कूटीवर स्टोल गच्च आवळून तोंड बांधतात, ऊन टळतं पण ती गाठ नेमकी कानामागच्या टाक्यावर बसते, म्हणून पहिले काही आठवडे स्टोल सैल आणि स्कूटी बंद, कारण हेल्मेट पण नको. मी तर सगळ्यांना दिवाळी झाली की या म्हणते. लग्नात चांगल्या मेकअपवालीवर पैसे घाला, वर्षभरात जावई ओळखीचा झाला की मग निवांत करा.

हिंगोली : आईसाठी विचारतोय. खर्च किती, फुले योजनेत बसतं का, आणि मेडिक्लेममधून मिळेल का?

योजनेत नाही, मेडिक्लेममध्ये पण नाही. महात्मा फुले योजनेत भाजलेल्या पेशंटवरचे उपचार आहेत, पण सौंदर्यासाठी केलेलं नाही, आणि ते योग्यच आहे असं माझं मत. खर्च शहर, हॉस्पिटल, भूल, सोबत गळा-पापण्या करताय का यावर, साधारण दीड-दोन लाखापासून पुढं धरा आणि मोठ्या शहरात त्याच्या बराच वर. एक गोष्ट बिल बघितल्यावर लोकांना झटका देते, उपचाराला जीएसटी नसतो पण नुसत्या सौंदर्यासाठीच्या सर्जरीला १८ टक्के लागतो, म्हणजे दोन लाखावर ३६ हजार. जन्मतः व्यंग, अपघात, जखम यासाठी केलेल्या प्लास्टिक सर्जरीला लागत नाही. आकडा विचारताना जीएसटी धरून का सोडून ते विचारा.

आणि राहण्याचा खर्च धरा, तो वाचवायला जाऊ नका. एकदा पहाटे साडेपाचला माझ्या घराची बेल वाजली. दारात एक बाई, डोक्याला पट्टी, एक गाल टरबुजासारखा टणक आणि निळा. आदल्या दिवशी एका मोठ्या शहरात फेसलिफ्ट झालेलं, डॉक्टरांनी जवळच लॉजवर रहा म्हणून सांगितलेलं, पण नवऱ्यानं हिशोब केला की लॉजच्या भाड्यात गाडीचं डिझेल निघतंय, आणि रात्री निघाले. खड्डे, त्यात गाडी लागून दोन वेळा उलटी. उलटीच्या जोरानं आतली एक वाहिनी सुटली. टाके उघडले, रक्ताच्या लिंबाएवढ्या दोन गाठी काढल्या, वाहिनी बंद केली, परत शिवलं. वाचली कातडी, पण चार-पाच तास अजून गेले असते तर गेली असती. एक गाल दुसऱ्यापेक्षा जास्त सुजला, दुखणं अचानक वाढलं, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच डॉक्टरला रात्री दोनला फोन करायचा. म्हणून आठवडाभर त्याच गावात रहा. आणि पैसे भरायच्या आधी एकच विचारा, रात्री दोनला फोन कोण उचलणार. उत्तर द्यायला डॉक्टर अडखळला तर पैसे परत खिशात.

जालना : माझ्या दोन्ही कानाच्या पाळ्या जड कुड्या घालून घालून फाटल्यात, एक तर पूर्ण दोन तुकडे. फेसलिफ्टसोबत होईल का?

होईल, पण मला विचाराल तर आधी नुसत्या पाळ्या करून बघा. बधिर करून अर्ध्या-पाऊण तासाचं काम, चालत यायचं चालत जायचं, आठवड्यात टाके. परत टोचायचं तीन महिन्यांनी आणि जुन्या रेघेवर नाही, बाजूला. माझ्याकडं आठवड्याला दोन-तीन तरी पाळ्या असतात, लग्नसराईत जास्त. तुमचा व्रण कसा भरतो ते पण त्यात कळेल, फेसलिफ्टआधी तेवढीच परीक्षा. आणि परत त्याच कुड्या घालू नका, वजन केलंय का कधी त्यांचं?

अंबाजोगाई : मॅडम, आपल्याकडं जानेवारीपासून टँकर लागतात आणि तुम्ही गाल वर उचलायच्या गोष्टी लिहिता. हे परदेशी फॅड आपल्या मातीत कशाला?

काका, टँकरचं तुमचं खरं आहे, माझ्या दवाखान्यात पण येतो. फेसलिफ्ट युरोपातलंच, बर्लिनच्या होलेंडर नावाच्या सर्जननं १९०१ च्या सुमारास एका पोलिश बाईच्या हट्टाखातर कानाभोवतीची कातडी कापून शिवली, तिथून सुरुवात धरतात. पण कातडी उचलून दुसरीकडं जगवायची विद्या आपल्या मातीत जुनी आहे. कावसजी नावाचा इंग्रजांच्या फौजेतला बैलगाडीवाला टिपूच्या लोकांच्या हाती लागला, त्याचं नाक कापलं, आणि पुण्याजवळच्या एका वीटभट्टीवाल्या जातीच्या मराठी माणसानं कपाळाची कातडी फिरवून त्याला नाक करून दिलं. १७९४ साली लंडनच्या मासिकात ते चित्रासकट छापून आलं आणि युरोपचे सर्जन त्यावरून शिकले. नाक गरजेचं आणि गाल हौसेचे, हे मान्य. पण हौस कुणाची किती खरी हे मी ठरवत नाही, मी फक्त बीपी बघते आणि घरचे ढकलतायत का तिचं स्वतःचं मन आहे ते विचारते. नवऱ्यानं धरून आणलेल्या दोन जणींना परत पाठवलंय.

लोहा : मॅडम माझं वय ४७ च आहे पण सगळे म्हणतात चेहरा लई उतरला. सासरे दोन वर्ष अंथरुणावर होते, मीच सगळं केलं, दिवाळीत गेले. वजन ११ किलो कमी झालं. गाल आत गेले, ओठाभोवती सुरकुत्या. मिश्रीनं दात हलत होते ते खालचे-वरचे मिळून नऊ काढलेत. सोनं मोडून फेसलिफ्ट करावं म्हणते.

सोनं ठेवा कपाटात.

तुमचा फोटो बघितला ताई. तुमची नवार सैल नाही, खाटेचे पायच काढलेत. मागचे दात गेले की गाल आत जातात, पुढचे गेले की ओठ आत वळतो आणि त्याच्याभोवती चुण्या पडतात, चावता येत नाही म्हणून भाकरी कुस्करून दुधात, म्हणून वजन अजून कमी. यावर कातडी ताणली तर कवटीवर कातडं घातल्यासारखं दिसेल. आणि वजन स्थिर झाल्याशिवाय तसंही हे ऑपरेशन करत नाहीत, मागं-पुढं सहा महिने तरी एका ठिकाणी राहिलं पाहिजे.

आधी रक्त तपासा, हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर, ११ किलो नुसत्या कष्टानं गेले का ते कळू दे. तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम आहे का ते पण त्याच दिवशी दाखवा, इतकी वर्षं मिश्री आहे म्हणून. मग दातांच्या डॉक्टरकडं जा आणि कवळी की फिक्स दात ते विचारा, नांदेडच्या सरकारी दवाखान्यात दातांचा विभाग आहे तिथं पण चौकशी करा. झोप येते का हे तुम्ही लिहिलंच नाही, येत नसेल तर ते पण त्यांना सांगा. दात बसून नीट चावायला लागलात की तीन-चार महिन्यांनी मला परत फोटो पाठवा, समोरून एक आणि बाजूनं एक, खिडकीच्या उजेडात. फोटो लेकीला काढायला सांगा, सेल्फीत नाक मोठं येतं.